पुनःश्रवण : पन्नाशीतल्या तीन तबकड्या
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, शिवकालावर विद्वानांची भाषणे झाली. त्या परंपरेत कार्यक्रमपत्रिकेवर 'रॉक संगीत' हे शब्द वाचून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असल्यास त्यात नवल नाही. एका वडीलधाऱ्या सभासदांनी तर आम्हांस सरळच विचारले, "अहो, त्या गोंगाटात ऐकण्यासारखे असते तरी काय?" प्रश्न रास्त आहे. आजचे भाषण हे त्या प्रश्नाचे उत्तर समजावे.

आम्ही संगीतज्ञ नाही. गळा नाही, हातात वाद्य नाही. आमच्याजवळ आहेत ते दोन कान आणि रोज थोडे ऐकण्याची पन्नास वर्षांची सवय. त्यामुळे रॉक संगीताचा इतिहास सांगण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही बोलणार आहोत ते ऐकण्याविषयी. त्यातही, जे आवडते ते पुन्हा ऐकण्याविषयी.

आपल्या भाषेने या बाबतीत मोठा बारकावा जपून ठेवला आहे. कानावर पडणे, ऐकू येणे आणि ऐकणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शेजारच्या घरातील रेडिओ कानावर पडतो. आपल्या घरातील रेडिओ ऐकू येतो. ऐकावे मात्र आपल्यालाच लागते. ते क्रियापद कर्त्याकडून काम मागते. आवडत्या संगीताचा धोका असा की, ते जितके आवडते तितके वारंवार लावले जाते, आणि जितके वारंवार लावले जाते तितके ते ऐकण्याकडून ऐकू येण्याकडे आणि तेथून नुसते कानावर पडण्याकडे घसरत जाते. दाढी करताना, भाजी चिरताना, कार्यालयाची पिशवी भरताना गाणे चालू असते. पुढची ओळ येण्यापूर्वीच मन ती म्हणून मोकळे होते. एक हात कपाटाची किल्ली शोधीत असता तोंडाने रामरक्षा पुरी व्हावी, तशातलाच हा प्रकार. म्हटली तर म्हटली, पण म्हणणारा तेथे नव्हता.

मग पुनःश्रवण म्हणजे काय? जे तोंडपाठ झाले आहे, ते पाठ नसल्यासारखे ऐकणे. हे कसे साधते, ते तीन तबकड्यांच्या आधारे सांगण्याचा विचार आहे. आपले मंडळ १९७५ साली स्थापन झाले. योगायोगाने या तिन्ही तबकड्याही त्याच वर्षीच्या. मंडळाबरोबर त्यांचीही पन्नाशी झाली, एवढे निमित्त आम्हांस पुरेसे आहे.

त्या वेळच्या कलकत्त्यात विदेशी तबकडी मिळविणे ही सोपी गोष्ट नव्हती. या शहराचे ध्वनिमुद्रणाशी नाते जुने. 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची मराठी नाट्यगीते आणि भावगीते गाजली महाराष्ट्रात, पण त्यांच्या तबकड्या छापल्या जात त्या आपल्या या दमदमच्या कारखान्यात. विदेशी संगीताच्या निवडक तबकड्याही तेथे छापल्या जात. बाकीच्यांसाठी फ्री स्कूल स्ट्रीटवरील जुन्या तबकड्यांच्या दुकानांत बोटे काळी होईपर्यंत चाळाचाळ करावी लागे. पुढे कॅसेट आली. एकाची तबकडी दहांच्या कॅसेटींत जाई, आणि दहाव्या प्रतीत गाण्यापेक्षा खरखर अधिक असे. पावसाळ्यात वेष्टनांना बुरशी लागे, उन्हाळ्यात भिंतीशी टेकून ठेवलेली तबकडी वाकडी होई. अशा रीतीने जवळ आलेल्या वस्तूची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची; ती संपली की उठावे, उलटावे, सुई हलकेच ठेवावी. हे कष्ट ऐकण्याला उपकारक होते असे आमचे मत आहे. जो उठून तबकडी उलटतो, तो निदान जागा तरी असतो.

पहिली तबकडी 'लेड झेपेलिन' या इंग्रज वाद्यवृंदाची 'फिजिकल ग्रॅफिटी', फेब्रुवारी १९७५ची. तीत 'काश्मीर' नावाचे आठ मिनिटांहून मोठे गीत आहे. नाव काश्मीर, परंतु त्याचे शब्द सुचले ते मोरोक्कोच्या दक्षिण भागातील वाळवंटातून मोटारीने जाताना. काश्मीर त्यांनी तोवर पाहिलेलेही नव्हते. आम्हां कॉलेजकुमारांना ते गीत आवडले ते त्याच्या भव्यतेमुळे. काहीतरी प्रचंड वस्तू सावकाश पुढे येत आहे असा भास होई, एवढेच. त्या भव्यतेचे मर्म अनेक वर्षांनी उलगडले, आणि ते उलगडले गणिताने. जॉन बॉनम यांचा ड्रम चारचारच्या हिशेबाने चालतो. गिटारची आणि तंतुवाद्यांची ती वर चढत जाणारी आकृती तीनतीनच्या हिशेबाने चालते. दोघे एका मात्रेवरून निघतात, लगेच त्यांची फारकत होते, आणि बारा मात्रा भरल्यावर पुन्हा भेट होते. घरी एका हाताने मांडीवर चारांची आणि दुसऱ्या हाताने तीनांची टाळी देऊन पाहावी. पहिल्या दहा प्रयत्नांत हात एकमेकांत अडकतील. आपल्याकडे समेवर मान डोलावणाऱ्यास ही भेट निराळी समजावून सांगावी लागत नाही. गंमत अशी की, समेसाठी टपून बसलेल्या बुजुर्गांना हे आमच्या तरुणपणच्या मित्रांपेक्षा लवकर उमगावे. पण त्यांना कोणी ऐकविले नाही, आणि आम्हांस कोणी मोजावयास सांगितले नाही.

याच वाद्यवृंदातील जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी १९७२ साली मुंबईत येऊन तेथील वादकांसह आपली दोन जुनी गीते नव्याने ध्वनिमुद्रित केली होती. ती फीत अधिकृतपणे प्रसिद्ध झाली २०१५ साली, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. परिचित गीत मुंबईच्या वादकांच्या हातून ऐकताना परक्या घरी आपला कोणी आप्त अचानक भेटावा तसे वाटते.

दुसरी तबकडी 'क्वीन' या वाद्यवृंदाची 'अ नाइट ॲट द ऑपेरा', नोव्हेंबर १९७५ची. तिच्यातील 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे गीत आज मुलांनाही ठाऊक आहे. २०१८ साली त्याच नावाचा चित्रपट निघाल्यापासून तर अधिकच. त्याचे कर्ते फ्रेडी मर्क्युरी मूळचे फारुख बलसारा. जन्म झांझिबारचा, कुटुंब पारशी, आणि शालेय शिक्षण आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. तेथेच त्यांनी पियानो शिकला आणि शाळासोबत्यांसह पहिला वाद्यवृंद काढला. पाचगणीच्या थंड हवेत इंग्रजी गाणी वाजविणारा तो मुलगा पुढे असे गीत रचील हे तेव्हा कोणी सांगू शकले नसते. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांच्या या रचनेत ध्रुवपद नाही. करुण गीत, मग ऑपेराचा समूह, मग कडाडणारी गिटार, आणि शेवटी पुन्हा शांतता असा तिचा प्रवास आहे. इतके लांब गाणे नभोवाणीवर कोणी लावणार नाही असे जाणत्यांचे मत होते. ते इंग्लंडमध्ये नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले, आणि १९९१ साली मर्क्युरी यांच्या निधनानंतर पुन्हा एकदा अग्रस्थानी आले.

त्यातील तो समूह ऐकताना पन्नास माणसे गात आहेत असे वाटते. प्रत्यक्षात गायक तीन. मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी आपलेच आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढविले. फीत यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून ती पारदर्शक होऊ लागली, असे त्या मंडळींनी सांगितले आहे. ही माहिती झाल्यावर आम्ही ते गीत आठवडाभर निराळ्या पद्धतीने ऐकले. एके दिवशी फक्त टेलर यांचा तारसप्तकातला आवाज, दुसऱ्या दिवशी फक्त सर्वांत खालचा, तिसऱ्या दिवशी फक्त पियानोचा डावा हात. भजनी मंडळात एकच टाळकरी हेरून त्याच्यावर लक्ष ठेवावे, तसे. सातव्या दिवशी गीत सलग ऐकले, तेव्हा ते पूर्वीचे राहिले नव्हते. पुनःश्रवणाची ही सर्वांत सोपी युक्ती होय, आणि ती 'संगीत सौभद्रा'च्या पदांनाही तितकीच लागू पडते. गायकाला एक दिवस विश्रांती द्यावी आणि पाय-पेटीवाला काय करतो ते ऐकावे.

तिसरी तबकडी आमच्या सर्वाधिक जवळची. 'पिंक फ्लॉइड' यांची 'विश यू वेअर हिअर', सप्टेंबर १९७५ची. नावाचा अर्थ 'तू येथे असतास तर'. इंग्रज माणूस सहलीला गेला की चित्रपत्रावर हे वाक्य लिहून घरी धाडतो, आणि म्हणूनच या तबकडीच्या वेष्टनात एक चित्रपत्रही घातलेले असे. आंतर्देशीय पत्राच्या दुमडीतही जागा उरू न देता 'तू असतीस तर' लिहिणाऱ्यांच्या या सभागृहात अर्थ अधिक फोड करून सांगण्याचे कारण नाही.

ही उणीव ज्याची, तो त्यांचा आरंभीचा सहकारी सिड बॅरेट. मानसिक स्वास्थ्य ढळल्यामुळे त्याला १९६८ साली वाद्यवृंदाबाहेर पडावे लागले. त्याला उद्देशून रचलेले दीर्घ गीत या तबकडीच्या दोन्ही टोकांना विभागून ठेवले आहे. जून १९७५ मध्ये लंडनच्या ॲबी रोड येथील ध्वनिमुद्रणगृहात त्याच गीतावर काम चालू असता एक स्थूल, डोके आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन बसला. तो कोण हे कोणाच्याही लक्षात येईना. काही वेळाने उमगले की, हाच सिड. ज्याच्या आठवणीचे गीत चालू होते, तो समोर बसलेला असता त्याला ओळखता आले नाही. आठवण जपताना माणूस प्रत्यक्षात बदलत गेला होता. दहा वर्षांनी गावी गेल्यावर आपल्यापैकी अनेकांनी हे थोडेबहुत अनुभवले असेल.

त्या गीतात पहिला गायलेला शब्द येतो तो आठ मिनिटांहून अधिक काळ लोटल्यावर. आधी सुरांचे धुके, मग गिटारचे चार स्वर, मग तेच चार स्वर पुन्हा. अधीर माणसास वाटते, गाणे सुरू कधी होणार? ख्यालाच्या विलंबित मांडणीत रमणारे आपले श्रोते असा प्रश्न विचारणार नाहीत. ते चार स्वर हेच गाणे होय.

तबकडीच्या शीर्षकगीताचा आरंभ तर ऐकणाऱ्यावरच रचलेला आहे. रेडिओची केंद्रे कोणी फिरवीत असल्याचा आवाज येतो. मग लांबून, पातळ, जणू जुन्या मोटारीच्या रेडिओतून एक गिटार वाजू लागते. थोड्या वेळाने अगदी जवळून दुसरी गिटार तिला साथ देऊ लागते. खोलीत एकटा बसलेला कोणी मुलगा रेडिओबरोबर वाजवीत आहे, असे ते चित्र आहे. आम्ही या गीताकडे रोज परत येतो ते यासाठी. दूर कोठेतरी वाजणारे संगीत आणि आपल्या खोलीत आपण त्याला दिलेली साथ, यापलीकडे श्रोत्याचे आयुष्य ते काय असते?

या गीताच्या शेवटी वाऱ्याचा आवाज येतो. त्या वाऱ्याखाली एक व्हायोलिन आहे. फ्रान्सचे थोर वादक स्तेफान ग्रापेली त्या वेळी त्याच इमारतीत ध्वनिमुद्रणासाठी आले होते, त्यांच्याकडून ते वाजवून घेतले. पण शेवटी ते इतके खाली ठेवले की ऐकू येईल न येईल, आणि वेष्टनावर नावही घातले नाही. २०११ साली ते व्हायोलिन स्पष्ट असलेली प्रत प्रसिद्ध झाली, तेव्हा जगभरच्या श्रोत्यांना कळले की, छत्तीस वर्षे आपण ज्याला वारा समजत होतो त्यात कोणी वाजवीत होते. त्यानंतर आम्ही जुनी तबकडी पुन्हा लावली. व्हायोलिन ऐकू आले नाही.

येथे थोडे कानांविषयी बोलणे प्राप्त आहे. निरोगी तरुण कान सेकंदाला सुमारे वीस ते वीस हजार कंपने असलेला नाद टिपतो. वय वाढते तशी वरची मर्यादा खाली येते. प्रथम झांजांची किणकिण जाते, मग बोलण्यातले 'स', 'श', 'फ' पुसट होतात. म्हणून वडीलधारी मंडळी "मोठ्याने बोल" म्हणण्याऐवजी "स्पष्ट बोल" म्हणतात. ते खरेच सांगत असतात. आमच्या कानांचा आलेख डॉक्टरांनी काढून दाखविला आहे, आणि त्याची उजवी बाजू उताराची आहे. 'काश्मीर'मधल्या झांजा आम्हांस आता दिसतात म्हणावे तर दिसतात. ऐकू येतात की आठवतात, हे सांगणे कठीण झाले आहे. मन रिकाम्या जागा भरून काढते. पुनःश्रवणास म्हणूनच मुदत आहे.

तेव्हा त्या शेवटच्या वाऱ्याच्या जागी आम्ही नातीला बसविले. वय वर्षे अकरा. तिला एवढेच सांगितले की, व्हायोलिन सुरू झाले की हात वर कर. वारा सुरू झाला, आणि काही क्षणांनी तिने हात वर केला. "आजोबा, फार बारीक आहे," ती म्हणाली. आम्हांस वारा ऐकू येत होता. परंतु तिचा हात वर होता तोवर तेथे व्हायोलिन आहे याविषयी आम्हांस शंका उरली नाही.

तरुण पालकांना एक व्यवहारी सूचना करून ठेवतो. पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज आठ तास सोसावा असा एक मानलेला दंडक आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. शंभर डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. 'द हू' या वाद्यवृंदाचे पीट टाउनशेंड, ज्यांनी नगरजवळच्या मेहेराबाद येथे ज्यांची समाधी आहे त्या मेहेरबाबांचे नाव आपल्या एका गीताला दिले, त्यांनी आपल्या श्रवणदोषाचा मोठा दोष कानाला लावून वापरलेल्या हेडफोनवर ठेवला आहे. मुलांना रॉक ऐकू द्यावे. आवाज मात्र कमी ठेवावयास लावावा.

आज दुर्मिळता संपली आहे. तिन्ही तबकड्या खिशातल्या फोनमध्ये मावतात, आणि त्यांच्या शेजारी आणखी कोट्यवधी गीते. याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. याच सोयीमुळे विस्मृतीत गेलेले परतते. आपल्या याच शहरात १९७५ साली 'मोहिनेर घोडागुलि' हा बंगाली वाद्यवृंद निघाला. त्या काळी त्याला फारसे श्रोते लाभले नाहीत, आणि काही वर्षांत तो विसर्जित झाला. १९९५ साली त्यांची गीते नव्या तरुणांच्या आवाजात पुन्हा आली आणि घरोघर पोचली. वीस वर्षे ती गीते तीच होती; ऐकणारे यावयाचे होते. मात्र सोयीचा दुसरा परिणामही दिसतो. एका घरात चार माणसे चार गाणी ऐकतात, आणि कोणाचे गाणे कोणाला ठाऊक नसते. पूर्वी घरात एकच रेडिओ असे म्हणून भांडणे होत, पण वडिलांची नाट्यगीते मुलांना आणि मुलांची इंग्रजी गाणी वडिलांना निदान ऐकू तरी येत.

आता त्या वडीलधाऱ्या सभासदांच्या प्रश्नाकडे वळतो. त्या गोंगाटात ऐकण्यासारखे काय असते? चार आणि तीन यांची बाराव्या मात्रेनंतरची भेट असते. तीन माणसांचे पन्नास आवाज असतात. वाऱ्याखाली झाकलेले व्हायोलिन असते. महाराष्ट्रापासून इतक्या दूर आपण मुलांच्या कानावर मराठी पडावी म्हणून धडपडतो, आणि त्यांच्या कानांत रॉक वाजताना पाहून ती हातची गेली असे समजतो. आमचा अनुभव निराळा आहे. एका संगीतात समेची वाट पाहावयास शिकलेला कान दुसऱ्या संगीताशी उपरा राहत नाही. ज्या नातीने व्हायोलिनला हात वर केला, तिनेच पुढच्या महिन्यात नाट्यगीताच्या जुन्या तबकडीतील ऑर्गन आम्हांस दाखविला. उलट, गणेशोत्सवात दरवर्षी तीच पदे त्याच क्रमाने लावून आपण गप्पांत रमतो, तेव्हा ती पदे कानावर पडतात, ऐकली जात नाहीत. हातची जाण्याचा तो अधिक खात्रीचा मार्ग आहे.

म्हणून मंडळाला एक विनंती करून थांबतो. सुवर्णमहोत्सवानिमित्त अनेक संकल्प होतील. त्यांत महिन्याकाठी एक संध्याकाळ ऐकण्यासाठी राखून ठेवावी. तबकडीची एक बाजू वडील मंडळींच्या आवडीची, एक बाजू मुलांच्या आवडीची. प्रत्येकी वीस मिनिटे. मध्ये चहा नको, निवेदन नको. ज्याने तबकडी आणली त्याने संपल्यावर एकच गोष्ट सांगावी : आज पहिल्यांदाच काय ऐकू आले. पहिली तबकडी आणि ती वाजविण्याचे यंत्र आम्ही आणू. उलटण्यासाठी उठावयास कोणी तरुण हात मिळाला तर बरे होईल.